बॅटरी संपली तरी चालते

दादांना हार्ट अटॅक आला तेव्हा ते मोटारसायकलवर होते. नवीन जालन्यात, स्टेशनकडून येणाऱ्या रस्त्यावर, एका बियाण्यांच्या दुकानासमोर त्यांनी गाडी बाजूला घेतली, स्टँडवर लावली, किल्ली काढून खिशात टाकली आणि मग दुकानाच्या पायरीवर बसून घाम पुसत राहिले. दुकानदाराला वाटलं, ऊन लागलं असेल. त्याने पाणी दिलं. दादा म्हणाले, "पाणी राहू द्या, माझ्या पोरीला फोन लावा."

पोरगी म्हणजे मी. हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते आणि मस्तगडात आईवडिलांसोबतच राहते. धाकटा भाऊ पुण्यात कंपनीत आहे.

स्टेंट टाकून दादा घरी आले आणि खरी पंचाईत सुरू झाली. डॉक्टरांनी मोटारसायकल बंद केली. रोज चाला म्हणाले, हळूहळू सायकल चालवली तरी हरकत नाही, पण दम लागेपर्यंत काहीच करायचं नाही, आणि जिभेखालची गोळी कायम खिशात ठेवायची. आता दादा जन्मभराचे पोस्टमन. अंबड तालुक्यातल्या खेड्यांत सायकलवर टपाल वाटण्यात त्यांची सगळी नोकरी सरली होती. त्यांना 'उगीच' चालणं जमेना.

"कुठं जायचं चालत?" ते म्हणायचे. "कुणी बोलावलं न्हाई, कुणाचं काही द्यायचं न्हाई. कामाबिगर चालणारा माणूस येडा दिसतो."

मग ते घरातच बसू लागले. गॅलरीत खुर्ची टाकून खालच्या गल्लीकडे बघत राहायचे. जेवण कमी झालं. माय एक दिवस मला स्वयंपाकघरात ओढून म्हणाली, "ह्यांचं काहीतरी कर बाई. माणूस दवाखान्यातून आला, पण घरी आल्यासारखा वाटंना."

इलेक्ट्रिक सायकलचं माझ्या डोक्यात तिथून आलं. पाय आपण मारायचे, जोर मोटारीने लावायचा. व्यायाम होईल, दम लागणार नाही. दादांना घेऊन मी नवीन जालन्यातल्या एका दुकानात गेले. भावाला व्हिडिओ कॉल लावला. दुकानदाराने दोन सायकली बाहेर काढल्या.

एक दणकट होती. जाड टायर, पुढे शॉकअप, मागे डब्यासारखी बॅटरी. मूठ पिळली की पळायची, पाय मारायची गरजच नाही. बॅटरी किल्लीने काढून घरात नेता यायची. एका चार्जिंगमध्ये अंबडला जाऊन परत येईल, असं दुकानदार म्हणाला. दुसरी दिसायला साधी सायकल. टायर बारीक, बॅटरी सायकलीच्या दांड्यातच बसवलेली, त्यामुळे लहान. मोटार कुठे आहे ते शोधावं लागत होतं. पाय मारला तरच ती साथ द्यायची, पाय थांबले की तीही थांबायची. मी ती उचलून पाहिली. रिकाम्या गॅस सिलिंडरएवढीच असेल. दणकट सायकल मला जागची उचलता आली नाही.

"ताई, मोठीच घे," भाऊ फोनमधून म्हणाला. "ह्या वयात त्यांना पाय मारायला लावायचेत का?"

"डॉक्टरांनीच सांगितलंय."

"वाटेत बॅटरी संपली तर?"

यावर दुकानदारच बोलला. "साहेब, हिची बॅटरी संपली तरी ही सायकलच राहते. पाय मारा, चालते. तिची संपली की मंग ते निस्तं लोखंड हाय, ढकलत आणावं लागतं." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "पण म्याडम, ही गावातल्या गावात. लांब न्यायची न्हाई."

दादा कुणाचंच ऐकत नव्हते. त्यांनी हलक्या सायकलची घंटी दोनदा वाजवली आणि सीटवर हात ठेवून उभे राहिले. माझ्या मनात हिशोब वेगळाच होता. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद आणि मध्येच वळणारा. खाली किराण्याचं गोदाम आहे. त्या मालकाला आधीच विचारलं होतं, तर तो म्हणाला होता, "मोबाईलच्या बॅटऱ्या फुटतेत, ही तर केवढी मोठी. माझ्या मालाजवळ चार्जिंग बिलकुल न्हाई." म्हणजे सायकल वर न्यावीच लागणार, रोज. आम्ही हलकी घेतली.

पहिले काही आठवडे सोन्यासारखे गेले. सकाळी शाळेत जाण्याआधी मी सायकल खांद्यावर घेऊन खाली उतरवायची, शाळेतून परत आल्यावर वर न्यायची. दादांना उचलायची परवानगी नव्हती आणि हे त्यांना बोचायचं. "मी काय लेकरू हाय का?" म्हणत ते जिन्यात माझ्या मागे मागे यायचे. पण एकदा सीटवर बसले की पाठ सरळ व्हायची. मस्तगडाचा उतार, कुंडलिका नदीवरचा पूल, पुढे तळ्यापर्यंत जाऊन परत. येताना चढ लागायचा, तिथे मोटार त्यांना अलगद वर आणायची. जेवण वाढलं, झोप लागायला लागली. चार्जिंग दिवसाच करायचं असा नियम मायने केला होता. गोदामवाल्याचं ऐकून तीही धसकली होती. चार्जर लावला की ती भाजी निवडायला तिथेच बसायची.

माझ्या मनात मात्र एक गोष्ट टोचत राहायची. सायकलच्या मोटारीला तीन जोर होते. डॉक्टरांनी दम लागू द्यायचा नाही असं सांगितल्यामुळे मीच त्यांना सगळ्यात मोठ्या जोरावर चालवायला शिकवलं होतं. एका रविवारी मी स्कूटी घेऊन त्यांच्या मागे गेले, तर पुलावर त्यांनी माझ्याच शाळेतल्या दोन मुलांना मागे टाकलं. घरी येऊन म्हणाले, "पायात पयल्यासारखी ताकद आली बघ." मी म्हटलं, "दादा, ती ताकद मोटारीची आहे." ते हसले. मला हसू आलं नाही. डॉक्टरांकडच्या तपासणीत त्यांचं हृदय किती काम करतं ते मी पडद्यावर पाहिलं होतं आणि सायकलवर बसल्यावर ते त्यांना आठवतच नव्हतं.

भादवा लागला. एका संध्याकाळी आत्याचा फोन आला. दादांची ही मोठी बहीण अंबड रोडच्या आतल्या एका खेड्यात राहते, मुलगा-सुनेजवळ. आजी लवकर गेली, तेव्हा दादांना तिनेच वाढवलं. फोन दादांनी उचलला, स्पीकरवर टाकला.

"कोण बोलतंय?" आत्या म्हणाली.

"मी हाय अक्का. तूच लावला ना फोन?"

"बरं बरं. मंग माझा भाऊ आल्ता का तिकडं? टपाल घेऊन गेल्ता. अजून जेवाया आला न्हाई."

मागून सुनेचा आवाज आला, "आत्याबाई, त्येच हायेत, तुमचे भाऊच हायेत." मग तिनेच फोन घेतला. म्हणाली, अलीकडे असंच होतंय, मधेच बराबर असतात, मधेच कुणालाच ओळखत नाहीत. मी दादांना म्हटलं, रविवारी गाडी करून जाऊ. त्यांनी मान हलवली. त्या संध्याकाळी ते जेवले, मोबाईलवर बातम्या पाहिल्या, नेहमीसारखेच वागले. लाइट दुपारी चार्जिंगच्या आधीच गेली होती, ती रात्रभर आली नाही. सकाळी सायकल उतरवताना दांड्यावरचा दिवा हिरवा नव्हता, पिवळा होता. मी सांगितलं, "दादा, आज चार्जिंग कमी आहे, पुलापर्यंतच जा." त्यांनी "हो" म्हटलं.

तिसऱ्या तासाला शिपाई वर्गात आला. मायचा फोन होता.

"तुझे दादा अजून आले न्हाई गं."

"फोन केला का त्यांना?"

"फोन हितंच हाय. उशीखाली वाजून राह्यला." तिचा श्वास वर-खाली होत होता. "आन् त्यांची ती गोळी... कालच्या सदऱ्याच्या खिशात हाय. सदरा खुंटीला हाय."

माझे हात खडूने पांढरे झाले होते, ते मी साडीलाच पुसले. मुख्याध्यापकांना सांगितलं आणि स्कूटी काढली. आधी घर गाठलं. माय गोळ्यांची पट्टी घेऊन खालीच उभी होती. ती पर्समध्ये टाकली आणि तळ्याकडे गेले. तळ्याच्या काठावर फिरायला येणारे लोक केव्हाच पांगले होते. पूल, भाजी मंडई, जुनं पोस्ट, स्टेशन. पोस्टातल्या एका बाईंनी दादांना ओळखलं, पण आज पाहिलं नव्हतं. ते कुठे गेले असतील हे मला मंडईतच कळलं होतं, तरी मी स्टेशनपर्यंत गेले. तिकडे गेले नसतील तर बरं, असं वाटत होतं म्हणून.

अंबड चौफुलीवर चहाची टपरी आहे. तिथल्या माणसाला मी विचारलं, म्हातारे गृहस्थ, पांढरा सदरा, बारीक टायरची काळी सायकल.

"आपले पोस्टमन काका ना? सकाळीच गेले की. मी जयभीम घातला, चहा घ्या म्हणलं, तर म्हणे परत येताना घेतो. अंबडकडं गेले."

"काही म्हणाले का?"

"म्हणले, बहिणीकडं चाललो." तो माझ्याकडे बघत राहिला. "काय झालं का ताई?"

मी स्कूटी वळवली.

अंबड रोडवर ऊन असं पडलं होतं की डांबर डोळ्यात घुसत होतं. भादव्याचं ऊन असंच असतं, दोन पावसांच्या मध्ये येतं आणि माणसाला उभं भाजतं. दोन्ही बाजूंना सोयाबीन पिवळं पडायला लागलं होतं. वारा समोरून होता. स्कूटीवर मला त्याचं काही वाटलं नसतं, पण त्या दिवशी पदर फडफडला की मी वेग वाढवायची. हा वारा त्यांच्या छातीवर होता. पिवळ्या दिव्याची बॅटरी, सगळ्यात मोठा जोर, समोरून वारा. ती कुठवर पुरेल याचा अंदाज मी शिकवते त्या विषयातच होता आणि तो काढायचं धाडस होत नव्हतं. उसाचे ट्रॅक्टर अजून सुरू झाले नव्हते, पण ट्रक होते, आणि प्रत्येक ट्रक गेला की मी रस्त्याच्या कडेला पडलेलं काहीतरी शोधायची.

फोन वाजला. भाऊ. मायने त्याला कळवलं होतं. मी एका बाभळीखाली थांबले.

"ताई, मी सांगितलं होतं," तो पहिलंच वाक्य बोलला. "मोठी घे म्हणलो होतो. आज त्यांना पाय मारायची वेळच आली नसती."

"मोठी असती तर ते रोजच अंबडला गेले असते."

"पण पोचले तरी असते ना!"

मी फोन बंद केला. त्याचं चुकत नव्हतं, म्हणूनच राग आला. पुढे एका पुलाचं काम चालू होतं, तिथे रस्ता शेतातून वळवला होता. काळ्या मातीत चाकाच्या खोल चाऱ्या पडल्या होत्या. स्कूटी घसरत नेताना वाटलं, त्या जाड सायकलने इथे दादांना खालीच घेतलं असतं. मग पुन्हा वाटलं, जाड टायर होते तिचे, कदाचित नसतं घेतलं. मातीत एक बारीक रेघ उमटली होती. सायकलच्याच चाकाची. तिच्याशेजारी चपलेचे ठसे होते, म्हणजे इथे ते उतरून चालले होते. मला इतका धीर आला की मी मोठ्याने "दादा" म्हटलं, रिकाम्या शेतात.

वळण संपून पुन्हा डांबर लागलं तिथे बांधावर बायका बसल्या होत्या, खुरपणी थांबवून भाकरी खात. मी विचारलं.

"आल्ता एक म्हातारा," एक जण म्हणाली. "पाणी मागाया थांबला. घामानं पार भिजल्ता. म्या म्हणलं, बाबा बसा सावलीला. तर म्हणे, हिची मशीन बंद पडली, पण सायकल चालू हाय."

"मग?"

"मंग काय, पाय मारत गेला. लई जोर लावून राह्यला होता बाई. आमी बघतच ऱ्हायलो."

मी तिथे उभी होते आणि दुकानदाराचा तो शब्द माझ्या कानात होता. पाय मारा, चालते. दणकट सायकल बंद पडली असती तर दादा ती ढकलू शकले नसते. थांबले असते, बांधावर बसले असते, कुणाच्या तरी गाडीवर बसून परत आले असते. ही बंद पडूनही चालत होती, म्हणून ते थांबले नाहीत. ज्या हलकेपणासाठी मी ती घेतली होती, तोच त्यांना पुढे पुढे नेत होता.

त्या बाईने भाकरी फडक्यात गुंडाळली आणि म्हणाली, "मी येऊ का संगट? एकल्या कुठवर धुंडाल?" ती मागे बसली. तिला मी ओळखत नव्हते.

आत्याच्या गावचा फाटा अजून दिसत नव्हता. एक चढ लागला. फार नाही, बैलगाडीला जाणवणारही नाही असा. त्या चढावर, लिंबाच्या झाडाखाली सायकल आडवी पडली होती. तिच्या पलीकडे दादा झाडाला पाठ टेकून बसले होते, पाय लांब करून, एक हात सदऱ्याच्या आत. चेहरा राखेसारखा झाला होता. डोळे उघडे होते.

"दादा."

"आलीस?" त्यांनी मला असं विचारलं की जणू आमचं ठरलंच होतं. "जरासं भरून आलंय. बसलो म्हणजे जाईल."

मी गोळी काढली. पट्टी फाडता फाडेना, त्या बाईने माझ्या हातातून घेऊन दाताने फाडली. दादांनी जीभ वर केली. मग आम्ही दोघी त्यांच्या दोन बाजूंना बसलो. मी मनगट धरलं होतं, पण माझीच नाडी इतकी उडत होती की त्यांची कळत नव्हती. रस्त्यावरून एक ट्रक गेला, मग काहीच नाही. बाईने पदराने वारा घालायला सुरुवात केली. बऱ्याच वेळाने दादांनी श्वास सोडला आणि सदऱ्यातला हात बाहेर काढला.

"उतरलं," ते म्हणाले. "चल, फाटा हितून जवळ हाय."

"आपण दवाखान्यात जातोय."

"आधी अक्का."

"दादा, आधी दवाखाना."

"तुला कळत न्हाई," ते म्हणाले. आवाज बारीक होता, पण त्यात पोस्टमनची जुनी धार होती. "आज ती वळखील. उद्या वळखील का न्हाई कोण सांगतं? मी फोन मुद्दाम ठिवला घरी. फोन असता तर तुमी मला पुलावरूनच माघारी बोलावलं असतं."

"बोलावलंच असतं."

"मंग?"

तेव्हा शेजारची बाईच म्हणाली, "बाबा, जिवंत भाऊ भेटला तर बहिणीला आनंद. मेलेला कशाला भेटवता तिला?" दादांनी तिच्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच मान खाली घातली.

भाजी घेऊन अंबडला निघालेला एक छोटा टेम्पो आम्ही हात करून थांबवला. दादांना पुढे बसवलं, त्यांच्याशेजारी मी. सायकलचं काय, असं ड्रायव्हरने विचारलं, तर त्या बाईने ती एका हाताने उचलली आणि कोथिंबिरीच्या गोण्यांवर ठेवून दिली. "स्कूटी मी बघते, जावा तुमी," म्हणाली. टेम्पो निघाल्यावर माझ्या लक्षात आलं की स्कूटीची किल्ली मी तिच्याच हातात देऊन आले होते. आणि त्याची मला काळजी वाटली नाही.

अंबडच्या दवाखान्यात ईसीजी निघाला, रक्त घेतलं. डॉक्टर तरुण मुलगी होती. म्हणाली, नवा अटॅक दिसत नाही, पण हृदयाने इशारा दिलाय, आज इथेच राहू द्या. मग मला बाजूला घेऊन विचारलं, "एवढ्या लांब सायकल? त्यांना वाटेत दम लागला नाही का?"

"बॅटरी होती तोवर नाही," मी म्हटलं.

आत्याच्या घरी मी फोन केला होता. वाटलं होतं, मुलगा येईल. तिसऱ्या प्रहरी वॉर्डच्या दारात आत्याच उभी राहिली, मुलाचा दंड धरून. नऊवारी नीट नेसलेली, केस विंचरलेले. मला पाहून ती थांबली.

"ही कोण?" मुलाला विचारलं. त्याने सांगितलं. तिने मान हलवली, पण तिच्या डोळ्यांत मी नव्हते. लहानपणी दिवाळीच्या सुट्टीत मी तिच्याच कुशीत झोपायची.

दादा उठून बसायला लागले. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून थांबवलं. छातीला वायरी लावलेल्या होत्या, दवाखान्याचा शर्ट होता, चष्मा काढून ठेवला होता. मला वाटलं, एवढं सगळं होऊन ही त्यांना ओळखणार नाही. मी डोळे मिटून घेतले.

"भाऊ," आत्या म्हणाली. "ह्या उन्हात कशाला आलास रे?"

दादांनी सरकून तिच्यासाठी जागा केली.

ती कॉटवर बसली, त्यांच्या कपाळावरून हात फिरवला, मग तोच हात वायरींवर थबकला. तिला ते काय आहे कळलं नाही. तिने पांघरूण वर ओढून वायरी झाकल्या. "टपाल वाटून झालं का सगळं?"

मी दादांकडे पाहिलं. ते तिला समजावतील, निवृत्त झालो म्हणून सांगतील असं वाटलं. ते आपल्या बहिणीच्या चेहऱ्याकडे बघत होते.

"झालं अक्का," ते म्हणाले. "सगळं वाटलं. तुझ्याकडंच निघालतो."

"मंग जेव," ती म्हणाली, आणि मुलाच्या हातातल्या पिशवीतून डबा काढला.

दुसऱ्या दिवशी भाऊ पुण्याहून आला आणि घरात दोन दिवस नुसता कल्लोळ चालला. ती सायकल विकून टाका, हे त्याचं म्हणणं. मायचंही तेच. गोदामवाल्यानेसुद्धा खालून मत दिलं. एका रात्रीत मला दहा बाजू दिसल्या होत्या आणि एकही पुरी खरी वाटत नव्हती. त्या सायकलने दादांना गॅलरीतून उठवलं होतं, हे खरं. तिने त्यांना लिंबाखाली बसवलं, हेही खरं. मोठी सायकल त्यांना फाट्यापर्यंत सहज घेऊन गेली असती, पण ती जिन्यावरून वर आली नसती, आणि रस्त्यावर ठेवलेली ती कोणत्याही दिवशी त्यांना कुठेही घेऊन गेली असती, मला न विचारता.

शेवटी दादाच बोलले. "विका. पण मंग मला अक्काकडं कोण नेईल ते आज सांगा. रविवार-बिविवार न्हाई. वार सांगा."

भाऊ उठला आणि बराच वेळ सायकल जिन्याजवळ उचलून, खाली ठेवून, परत उचलून बघत होता. "फारच हलकी आहे गं," तो म्हणाला.

आता दर पंधरवड्याला आम्ही भाड्याची जीप करून जातो. सायकल टपावर बांधायला मला कुणाची मदत लागत नाही. फाट्यावर ती उतरवतो आणि तिथून गावापर्यंतचा सपाट तुकडा दादा सायकलवर जातात, मधल्या जोरावर. गोळी सदऱ्यात, फोन गळ्यात. जीप मागे मागे, पहिल्या गिअरमध्ये. आत्या ओट्यावर असते. पांढऱ्या सदऱ्यातला माणूस सायकलवर येताना पाहिला की बहुतेकदा ती उठून उभी राहते. चेहरा ओळखत नाही असे दिवस वाढत चाललेत, पण सायकलवरून येणारा आपला भाऊच, एवढं तिला अजून धरून ठेवता येतं. तो तुकडा संपेपर्यंत मी एकदाही पाठ टेकून बसलेली नाही. दादांचे खांदे वर-खाली व्हायला लागले की ड्रायव्हर माझ्याकडे बघतो आणि मी त्याला "थांब" म्हणू की नको, हे ठरवत राहते.

गेल्या खेपेला वारा जोराचा होता. अर्ध्या वाटेत दादा आपणहून उतरले. मी जीपमधून धावत गेले.

"काही होतंय का?"

"न्हाई." त्यांनी हँडल माझ्या हातात दिलं. श्वास जड होता, पण रंग ठीक होता. "आज न्हाई जमायचं. तू जाय पुढं. दारात कुणी सायकलवर आलेलं तिला दिसू दे."

ते जीपमध्ये बसले. मी साडी खोचली आणि निघाले. मोटारीने पाठीत हलका धक्का दिल्यासारखं झालं, वारा एकदम कमी वाटला. क्षणभर मलाही माझं वय विसरायला झालं. ओट्यावर आत्या उभी राहिली होती. मी जवळ आले तशी तिने डोळ्यांवर आडवा हात धरला.

"कोण बाई तू?"

"टपाल घेऊन आले," मी म्हटलं. "भाऊ मागून येतायत."

तिने माझ्या मागच्या रस्त्याकडे पाहिलं. मग बाजूला सरकून ओट्यावर माझ्यासाठी जागा केली, आणि आम्ही दोघी जीपची वाट बघत बसलो.